बत्तीस रुपये अठ्ठ्याऐंशी पैसे

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी यवतमाळजवळच्या भारी शिवारात उभारलेल्या मंडपात पंतप्रधानांनी एक कळ दाबली आणि २१ हजार कोटींहून अधिक रुपये देशभरातल्या सुमारे ९ कोटी शेतकऱ्यांच्या खात्यांकडे निघाले. पीएम-किसान सन्मान निधीचा तो सोळावा हप्ता. त्याच मंचावरून राज्य सरकारच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे दुसरा आणि तिसरा असे दोन हप्ते एकदम सुटले. ती रक्कम होती सुमारे ३,८०० कोटी आणि लाभार्थी ८८ लाख. महाराष्ट्रातल्या पात्र शेतकऱ्याच्या मोबाइलवर केंद्राचे २ हजार आणि राज्याचे ४ हजार मिळून ६ हजार जमा झाल्याचे संदेश येणार होते.

२१ हजार कोटी हा आकडा ऐकायला सोपा आणि डोळ्यांपुढे आणायला अवघड. लिहायचा तर २१ पुढे दहा शून्ये. दर सेकंदाला एक रुपया या वेगाने, जेवणखाण आणि झोप सोडून कुणी तो मोजत बसले, तर साडेसहा हजार वर्षे पुरणार नाहीत. मोहेंजोदडो वसायच्या पुष्कळ आधी मोजायला बसलेला माणूस आजही मोजतच असता. पाचशेच्या नोटा केल्या तर ४२ कोटी भरतील. माणसे मोजायची म्हटली, म्हणजे दर सेकंदाला एका शेतकऱ्याच्या हातावर पैसे ठेवायचे म्हटले, तरी ९ कोटी जणांना वाटायला दोन वर्षे दहा महिने लागतील. संगणक हे काम एका दिवसात उरकतो. ही करामत खरी आहे, तिला नाक मुरडण्यात अर्थ नाही. बँकेत मॅनेजरसमोर उभे राहून, एजंटाला चहा पाजून अनुदान सोडवून आणण्याचे दिवस वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतात.

पण मंचावर गुणाकार असतो आणि घरी भागाकार. केंद्राचे वर्षाला ६ हजार, राज्याचे ६ हजार, एकूण १२ हजार. भागिले ३६५. दिवसाला बत्तीस रुपये अठ्ठ्याऐंशी पैसे. हा आकडा कुटुंबाचा आहे. नियमात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुले. पाच तोंडे धरली तर माणशी साडेसहा रुपये. घाटंजीच्या किंवा पांढरकवड्याच्या बसस्टँडवर एवढ्यात चहाचा एक कट मिळाला तर नशीब.

शेतीच्या मापाने मोजू. यवतमाळ जिल्हा कपाशीचा. बीटी कपाशीच्या पाकिटाची किंमत केंद्र सरकार ठरवते. पीएम-किसान लागू झाली त्या २०१८ च्या हंगामात बोलगार्ड-२ चे पाकीट ७४० रुपयांना होते, २०२४ मध्ये ८६४, २०२५ मध्ये ९०१. दोन हजारांच्या हप्त्यात तेव्हा दोन पाकिटे येऊन पाचशेवर रुपये उरत. २०२५ च्या भावाने दोन पाकिटे घेतली की हातात दोनशेच्या आत राहतात. पेरणी दाट केली तर ही दोन पाकिटे एका एकरातच संपतात. पुढचे डवरण, निंदण, फवारणी, खत आणि सगळ्यात महाग पडणारी वेचणी आपापल्या जबाबदारीवर. हप्ता मात्र १ डिसेंबर २०१८ पासून दोन हजारांचा दोन हजारच आहे. कर्मचाऱ्यांच्या महागाई भत्त्याला निर्देशांक असतो, या सन्मानाला नाही.

आता यादीकडे वळू, कारण या योजनेची खरी गोष्ट रकमेपेक्षा यादीत आहे. पीएम-किसानच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका, गाव असे निवडत गेले की गावातल्या लाभार्थ्यांची नावे दिसतात. अमेरिकेत असली यादी मिळवायला माहिती अधिकारासारख्या कायद्याखाली झगडावे लागले होते. ती हाती आली तेव्हा बास्केटबॉलपटू स्कॉटी पिपेन आणि धनकुबेर डेव्हिड रॉकफेलर हेही सरकारदरबारी शेतीचे अनुदान घेणारे निघाले. इंग्लंडच्या राणीच्या सँड्रिंगहॅम इस्टेटीला युरोपीय महासंघाच्या शेती अनुदानातून वर्षाला काही लाख पौंड मिळत. आपल्या यादीत पिपेन नाही. आपल्या यादीचे दुखणे उलट आहे. तिच्यात कोण आहे यापेक्षा कोण नाही हे पाहावे लागते.

२०१९ च्या जूनमध्ये दोन हेक्टरांची अट काढून योजना सगळ्या जमीनधारकांना खुली केली, तेव्हा सरकारचा अंदाज साडेचौदा कोटी कुटुंबांचा होता आणि वर्षाचा खर्च ८७ हजार कोटींवर धरला होता. त्या आकड्याच्या जवळपासही यादी कधी पोचली नाही. ३१ मे २०२२ च्या अकराव्या हप्त्यात १० कोटींहून अधिक शेतकऱ्यांना २१ हजार कोटी गेले. साडेचार महिन्यांनी, १७ ऑक्टोबरला बारावा हप्ता सुटला तेव्हा आकडा होता ८ कोटी शेतकरी आणि १६ हजार कोटी. दोन हप्त्यांच्या मध्ये दोन कोटी नावे गेली. दोन कोटी म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या यवतमाळ जिल्ह्याच्या, २७ लाख ७२ हजारांच्या, सातपट. एवढे लोक शेती सोडून गेले नव्हते. मधल्या काळात ई-केवायसी सक्तीची झाली, जमिनीच्या नोंदी खात्याशी जोडायच्या झाल्या, आधार बँकेशी जोडायचे झाले. त्यात काही खरोखरच अपात्र गळाले, आणि काही असे गळाले की ज्यांच्या अंगठ्याच्या रेषा मातीने पुसल्या आहेत, किंवा ज्यांच्या वडिलांच्या नावावरचा फेरफार तलाठ्याच्या दप्तरात अडकला आहे. पुढे पुष्कळ जण परत आले. सोळाव्या हप्त्यापर्यंत आकडा पुन्हा ९ कोटींवर गेला.

पैसे कुठल्या खात्यात पडतात, हीही एक गंमत आहे. ते बँक खात्याच्या नंबरावर जात नाहीत, आधारवर जातात. आणि आधारला सगळ्यात शेवटी जे खाते जोडले असेल त्यात जमा होतात. गॅसच्या सबसिडीसाठी, नाही तर एखाद्या मेळाव्यात, कुणी तरी उघडून दिलेले आणि विसरलेले खाते असेल तर हप्ता तिथे. सेतू केंद्रावर "पैसे आले, पण कुठे आले?" ही चौकशी त्यामुळेच चालते.

अपात्रांचा आकडाही लहान नाही. जुलै २०२० अखेरपर्यंत २० लाख ४८ हजार अपात्रांना १,३६४ कोटी रुपये गेल्याचे माहिती अधिकारातून बाहेर आले. त्यातले ५५ टक्क्यांहून जास्त आयकर भरणारे होते. महाराष्ट्रातले २ लाख ८६ हजार. भागाकार केला तर प्रत्येकी साडेसहा हजारांच्या आसपास, म्हणजे तीन हप्ते. मग वसुलीच्या नोटिसा निघाल्या. तहसील कार्यालयाने सहा-आठ हजारांसाठी गावोगाव माणसे शोधायची, हा सरकारी खर्चाचा हिशेब कुणी केला असल्यास तो वाचायला मला आवडेल.

आयकर भरणारे, डॉक्टर, वकील, आमदार, दहा हजारांवर निवृत्तिवेतन घेणारे यांना वगळले, हे रास्तच झाले. पण जमिनीला वरची मर्यादा नाही. एका एकराच्या मालकाला सहा हजार आणि चाळीस एकरांच्या मालकालाही सहा हजार. एकाच सातबाऱ्यावर पाच भावांची नावे असतील तर पाच कुटुंबे पात्र. आणि १ फेब्रुवारी २०१९ नंतर ज्याने पोटाला चिमटा काढून जमीन विकत घेतली, तो अपात्र. त्या तारखेला जमीन ज्याच्या नावावर होती तो शेतकरी. वारसाहक्काने आली तेवढाच अपवाद.

आता ज्याच्या नावावर तसूभरही जमीन नाही, पण जो दरवर्षी दहा एकर वावर ठोक्याने करतो, तो कुठे बसतो? कुठेच नाही. २०१८-१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या कसणुकीतल्या खात्यांपैकी १७.३ टक्के जमीन भाड्याने घेऊन केलेली आढळली. कागदावर न आलेले तोंडी व्यवहार यात किती सापडले असतील याची शंकाच आहे, कारण वऱ्हाडात ठोक्याचा करार बहुधा शब्दावर होतो. मालकाला कूळ लागण्याची भीती. त्यामुळे मालक यवतमाळला किंवा नागपूरला, नांगर दुसऱ्याचा, ठोक्याचे पैसे हंगामाआधी रोख मोजलेले, आणि हप्ता, पीक विमा, अतिवृष्टीची मदत, कर्जमाफी हे सगळे सातबाऱ्यावरच्या नावाच्या खात्यात. चांगला मालक त्यातले थोडे ठोकेवाल्याला देतो. कायद्याने त्याच्यावर बंधन काहीच नाही.

बायकांचे गणित याहून विचित्र. सातबाऱ्यावर बाईचे नाव येणे हीच आधी लढाई असते. नवऱ्याच्या आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या बायकांचा विदर्भ-मराठवाड्यात महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये अभ्यास केला, तेव्हा ४० टक्के जणींच्या नावावर त्या कसत असलेली जमीन झालेली नव्हती. ती एकदाची नावावर झाली, बाईला पीएम-किसान आणि नमोचे मिळून वर्षाला १२ हजार, म्हणजे महिन्याला हजार मिळू लागले, की दुसरी योजना आडवी येते. लाडकी बहीण योजनेत तिला १,५०० मिळत नाहीत, फरकाचे ५०० मिळतात. अशा ७ लाख ७४ हजार १४८ बहिणी राज्यात असल्याचे महिला व बालविकास मंत्र्यांनीच २०२५ मध्ये सांगितले. शेजारणीच्या नावावर जमीन नाही, तिला दीड हजार लाडक्या बहिणीचे. हिच्या नावावर जमीन आहे, हिलाही दोन्हीकडून मिळून दीड हजारच. तेव्हा शेतकरी म्हणून झालेला सन्मान बहीण म्हणून झालेल्या लाडातून वळता करून घेतला, असा हा जमाखर्च.

यवतमाळला सरकारी मदतीचे आकडे नवे नाहीत. पॅकेज हा शब्द या जिल्ह्यात एसटीच्या वेळापत्रकासारखा घरोघर माहीत आहे. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. १ जुलै म्हणजे वसंतराव नाईकांची जयंती. पुसदजवळच्या गहुलीचा हा माणूस १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचा मुख्यमंत्री होता. त्या पॅकेजमध्ये मोठा वाटा सिंचन प्रकल्पांचा आणि व्याजमाफीचा होता, पण लोकांच्या लक्षात राहिल्या त्या गाई. अनुदानावर जातिवंत दुभती जनावरे वाटायची होती. ज्या गावात उन्हाळ्यात माणसांना प्यायला पाणी नाही तिथे रोज इतके लिटर पाणी आणि हिरवा चारा मागणारी गाय आली. पुष्कळांनी ती कर्जासारखी सांभाळली आणि कर्जासारखीच विकून टाकली.

त्याच वर्षी, २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाने आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला १ लाख रुपये ठरले. ३० हजार हातात, ७० हजार बँकेत किंवा टपाल खात्यात ठेव. त्यासाठीही घरात कुणाच्या तरी नावे जमीन हवी, कर्ज बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, त्याचा तगादा हवा. जिल्हाधिकाऱ्यांची समिती बसते आणि प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे ठरवते. मेलेला माणूस अपात्र ठरू शकतो, हे यवतमाळच्या वर्तमानपत्रांच्या वाचकाला आता खटकेनासे झाले आहे.

मग २००८ ची कर्जमाफी. २९ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात जाहीर झालेला आकडा ६० हजार कोटी. महालेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये मांडलेल्या हिशेबात तो ५२,५१६ कोटी निघाला आणि लाभार्थी ४ कोटी २९ लाख. माणशी बारा हजारांच्या थोडे वर. तपासलेल्या ९० हजारांवर प्रकरणांपैकी २२ टक्क्यांत घोळ सापडला, ती वेगळी गोष्ट. यवतमाळच्या दृष्टीने खरी गोम दोन हेक्टरांच्या अटीत होती. पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी, त्यावर जमीन असेल तर आधी बाकीचे कर्ज भरा आणि २५ टक्के सूट घ्या. कोरडवाहू म्हणून नोंदलेल्या जिल्ह्यांत किमान २० हजारांची. विदर्भात तेव्हा सरासरी जमीनधारणा साडेसात एकरांच्या आसपास. साडेसात एकर कोरडवाहू वावर असलेला झरी-जामणीचा शेतकरी 'मोठा' ठरला आणि दोन एकर बागायती ऊस असलेला कोल्हापूरकडचा 'लहान'. पर्जन्यछाया, मातीचा पोत, विहीर आहे की नाही, यातले काहीच त्या अटीला दिसत नव्हते. तिला फक्त क्षेत्रफळ कळत होते.

पुढच्या दोन कर्जमाफ्या राज्याच्या होत्या. जून २०१७ मध्ये ३४,०२२ कोटी आणि ८९ लाख शेतकरी असे जाहीर झाले. प्रत्यक्ष लाभार्थी त्याच्या खूप खाली राहिले. डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने दोन लाखांपर्यंतची माफी आली आणि ती सुमारे ३२ लाख खात्यांपर्यंत पोचली. एक नोंद करून पुढे जातो. बँकेने ज्याला कधी कर्जच दिले नाही, त्याला कुठलीच कर्जमाफी मिळत नाही. सावकाराकडे शेकडा तीन-चार टक्क्याने घेतलेले पैसे कुठल्या यादीत येतील?

आतापर्यंत बोललो ती नावाने दिली जाणारी मदत. तिच्याच जाहिराती होतात, तिच्याच याद्या लागतात. पण सरकार शेतीवर जो पैसा खर्च करते त्यातला जाड भाग नाव न घेता जातो, आणि तो कुठे जातो हे पाहिले म्हणजे यवतमाळची जागा कळते.

राज्याची मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना पाहा. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षे वीज फुकट. लाभार्थी ४४ लाख, वर्षाचा खर्च १४,७६० कोटी. भागाकार करा. पंपामागे वर्षाला साधारण ३३,५०० रुपये. नमो आणि पीएम-किसान मिळून जे १२ हजार येतात त्यांच्या पावणेतीनपट. नमोचा सगळा खर्च, ९० लाख जणांना सहा-सहा हजार, धरला तरी ५,४०० कोटी होतो. म्हणजे सन्मानावर ५,४०० कोटी आणि पंपावर पावणेपंधरा हजार कोटी. ज्याच्या शेतात पंप नाही, ज्याची कपाशी आभाळाकडे डोळे लावून उभी आहे, त्याला या योजनेतून शून्य. जेवढे पाणी उपसाल तेवढी सबसिडी जास्त. ऊसपट्ट्यातल्या शेतकऱ्याने वीज चोरली असे मी म्हणत नाही, त्याला ती सरकारनेच दिली आहे. मुद्दा इतकाच, की ही रक्कम सातबाऱ्यामागे न जाता पाण्यामागे जाते. यवतमाळात सातबारे पुष्कळ आहेत.

खतांचे तसेच. युक्रेनचे युद्ध पेटले आणि जगात गॅस महागला त्या २०२२-२३ मध्ये देशाचा खत अनुदानाचा खर्च २ लाख ५१ हजार कोटींवर गेला. पीएम-किसानच्या वर्षाच्या तरतुदीच्या चौपट. हा पैसा शेतकऱ्याच्या खात्यात कधी दिसत नाही. तो कंपनीला मिळतो, आणि कृषी केंद्रावर युरियाची ४५ किलोंची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. देशात २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे १४ कोटी ६५ लाख खाती. हे अनुदान सारखे वाटले असते तर खात्यामागे १७ हजारांवर रुपये आले असते. पण ते गोणीच्या हिशेबाने वाटले जाते. खत जास्त कोण टाकतो? ज्याच्या पिकाला खात्रीचे पाणी आहे तो. कोरडवाहू कपाशीत पाऊस लांबला की टाकलेले खतही वाया जाते, हे ज्याला माहीत आहे तो हात आखडूनच टाकतो.

मला स्वतःला सगळ्यात चक्रावून टाकणारा आकडा मात्र कर्जाचा वाटतो. २०१६ या एका वर्षात सरकारी बँकांनी देशभरात ६१५ खात्यांना मिळून ५८,५६१ कोटी रुपये 'कृषी कर्ज' म्हणून दिल्याचे २०१८ मध्ये माहिती अधिकारातून उघड झाले. खात्यामागे सरासरी ९५ कोटी. हे अनुदान नाही, कर्ज आहे, ते फेडायचे असते, हे खरे. पण बँकांना एकूण कर्जाचा ठरावीक वाटा शेतीला द्यावाच लागतो आणि गोदामे, शीतगृहे, प्रक्रिया उद्योग चालवणाऱ्या कंपन्यांना दिलेले मोठे कर्जही त्या वाट्यात मोजता येते. शंभर कोटी एका सहीने सुटत असतील तर आर्णीच्या शाखेतल्या अधिकाऱ्याने ऐंशी-ऐंशी हजारांच्या हजारो फायली कशाला हाताळाव्यात? ५८,५६१ कोटी म्हणजे पीएम-किसानचा जवळजवळ सगळा वर्षाचा खर्च. एकीकडे ९ कोटी खाती, दुसरीकडे ६१५. त्या ६१५ पैकी एकाच सरासरी खात्यातल्या रकमेतून पावणेपाच लाख शेतकऱ्यांना दोन हजारांचा एकेक हप्ता देता आला असता. यवतमाळ जिल्ह्यातली सगळी शेतकरी कुटुंबे त्यात बसली असती.

इथपर्यंत सरकार देते किती याचे आकडे झाले. घेते किती? 'शेतकरी फुकटे झालेत' म्हणणाऱ्यांनी पुढचा आकडा वाचावा. आर्थिक सहकार्य व विकास संघटना आणि दिल्लीची आयसीआरआयईआर ही संशोधन संस्था यांनी २०१८ मध्ये मिळून एक अभ्यास केला. जगातल्या बाजारभावाच्या तुलनेत आपल्या शेतकऱ्याला काय भाव मिळाला, आणि खत-वीज-पाणी यांची सबसिडी त्यात मिळवली तर काय उरले, असा तो हिशेब. २००० ते २०१६ या काळात उत्तर आले सरासरी उणे १४ टक्के. निर्यातबंदी, साठ्यावर मर्यादा, वेळी-अवेळी आयात यांनी भाव दाबून जेवढे काढून घेतले ते दिलेल्यापेक्षा जास्त होते. कृषी अर्थतज्ज्ञ अशोक गुलाटींनी त्याची बेरीज २०१७-१८ च्या किमतींत ४५ लाख कोटी रुपये सांगितली. भारीच्या मंडपातून सुटलेल्या २१ हजार कोटींच्या मापाने ही रक्कम परत करायची ठरवली, तर २१४ हप्ते लागतील. वर्षाला तीन हप्ते, म्हणजे ७१ वर्षे.

हेच यवतमाळपुरते बघू. नेमका आकडा बाजूला ठेवून, अंदाज बांधायला म्हणून जिल्ह्यात तीन लाख कुटुंबांना दोन्ही योजना मिळतात असे धरू. वर्षाचे ३६० कोटी झाले. सोळा तालुक्यांच्या जिल्ह्यात एवढा पैसा बाजारात येणे ही लहान गोष्ट नाही, जूनच्या तोंडाशी आलेला हप्ता कृषी केंद्रांच्या गल्ल्यात लगेच दिसतो. आता कपाशी. जिल्ह्यात तिचा पेरा साधारण साडेचार लाख हेक्टरांच्या आसपास असतो. हेक्टरी दहा क्विंटल धरा, ४५ लाख क्विंटल कापूस. क्विंटलमागे भाव आठशे रुपयांनी पडला की ३६० कोटी गेले. आठशे रुपये! २०२२ च्या सुरुवातीला कापूस दहा हजारांच्या वर गेलेला इथल्या लोकांनी पाहिला आहे, आणि दोन वर्षांनी सात हजारांवर आलेलाही. त्या घसरणीचे बटण कुठल्या मंचावरून दाबले गेले नाही, म्हणून त्याचा सोहळाही झाला नाही.

बाहेरच्या सरकारांचाही यात हात असतो. २००१-०२ च्या हंगामात अमेरिकेने आपल्या जेमतेम २५ हजार कापूस उत्पादकांना ३९० कोटी डॉलरचे अनुदान दिले, असा ऑक्सफॅमचा हिशेब होता. शेतकऱ्यामागे दीड लाख डॉलरवर, तेव्हाच्या भावाने ७० लाख रुपयांहून जास्त. त्या पैशाच्या जोरावर स्वस्तात विकलेल्या कापसाने जगाचा भाव खाली ओढला. ब्राझील जागतिक व्यापार संघटनेत भांडला, जिंकला आणि २०१४ मध्ये तडजोडीत ३० कोटी डॉलर घेऊन गेला. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या वतीने तसे कुणी भांडले नाही. अमेरिकेच्या त्या अनुदानाच्याच सुमारास, १९७२ पासून चालत आलेली राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना तोट्यात बुडून मोडत होती. तिच्यात भ्रष्टाचार होता, ग्रेडर होते, चुकाऱ्याला उशीर होता, सगळे होते. पण भावाचा एक तळ होता.

आता तो तळ हमीभावाचा. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये आणि मध्यमला ७,७१०. ऐन लागवड उरकल्यावर १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. गिरण्यांना स्वस्त कापूस हवा होता. वेचणीचा हंगाम नेमका त्याच महिन्यांतला. खासगी व्यापाऱ्याकडे भाव तेव्हा हमीभावाच्या खाली, म्हणून भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या केंद्रावर माल घालायचा. त्यासाठी २०२५-२६ च्या हंगामात 'कपास किसान' ॲपवर आधी नोंदणी. नोंदणीला सातबारा लागतो आणि त्यावर ई-पीक पाहणीत कपाशीची नोंद लागते.

ठोक्याने वावर केलेल्या माणसाने मग काय करायचे, तर मालकाकडे जायचे, त्याच्या नावाने, त्याच्या आधारवर नोंदणी करून घ्यायची, त्याच्या मोबाइलवर येणारा ओटीपी विचारायचा, आपला कापूस त्याच्या नावावर केंद्रात मोजून द्यायचा आणि चुकारा मालकाच्या खात्यात पडल्याचा संदेश कधी येतो याची चौकशी करत राहायची. नाही जमले तर खेडा खरेदीवाला दारात उभा असतोच. तो ओटीपी मागत नाही, भाव हजार रुपयांनी कमी सांगतो आणि पैसे रोख देतो.